वैद्यकीय महाविद्यालय आणि वैनगंगेकाठचा बौद्ध समाज

ता. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्या दहांत भंडारा आहे आणि गडचिरोलीही आहे. ज्या वैनगंगेच्या काठी भंडारा वसले आहे तीच नदी पवनीवरून गोसीखुर्दच्या धरणापाशी येते, आणि धरणाचे दरवाजे ओलांडून खाली गेली की गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेने वाहू लागते. म्हणजे गोसीखुर्द आणि आसपासच्या गावांतील बौद्ध कुटुंबांस नदीच्या वरच्या अंगाला एक व खालच्या अंगाला एक अशी दोन महाविद्यालये मिळाली. वार्ता आनंदाची आहे, आणि आम्ही ती आनंदानेच घेतो.

परंतु वाचकहो, या महाविद्यालयांविषयी जी चर्चा आमच्या कानी येत आली आहे ती जवळजवळ सगळी ‘कोठे’ या एकाच शब्दाभोवती फिरत राहिली. चंद्रपुरास २०१५ साली महाविद्यालय मिळाले. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदियास २०१६ साली मिळाले. मग थोरल्या घराने काय पाप केले, असे भंडाऱ्याने विचारावे. आमच्या गावात २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, विद्यापीठाच्या गावी वैद्यकाचे शिक्षण नसावे हे शोभते काय, असे गडचिरोलीने म्हणावे. महाविद्यालय मंजूर झाल्यावर मग कोणत्या रस्त्यावर, कोणाच्या शेताजवळ, कोणत्या तालुक्याच्या अंगाला, हा दुसरा वाद. ज्याची जमीन त्या रस्त्यावर आहे त्याला या वादात रस असणे स्वाभाविक आहे. ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याने या वादात आपला घसा का बसवून घ्यावा, हा आमचा प्रश्न आहे.

विद्यापीठाच्या गावाचा मुद्दा प्रथम घेऊ, कारण तो दिसायला भारदस्त आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. नागपुरास वैद्यकीय महाविद्यालय मिळाले १९४७ साली. मधली चोवीस वर्षे विद्यापीठाचे हे गाव रॉबर्टसन मेडिकल स्कूलवर भागवीत होते आणि डॉक्टरीची पदवी हवी असणाऱ्यास प्रांताबाहेर जावे लागत होते. तेव्हा विद्यापीठ असले की वैद्यक आपोआप येते असे नाही. आणि आज तर त्या दोहोंचा कायद्याने संबंधही उरलेला नाही. १९९८ पासून राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठास जोडलेली आहेत. गडचिरोलीच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या पदवीवर गोंडवाना विद्यापीठाची मोहर नसते, भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाची नसते. गावाच्या प्रतिष्ठेची ही भाषा पुढाऱ्यांना सोयीची असते एवढेच.

विद्यापीठाच्या गावी जाऊन वैद्यक शिकलेला एक माणूस आपल्या धम्माच्या इतिहासात आहे. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस त्याचे नाव ठाऊक असावे म्हणून येथे सांगतो. जीवक हा राजगृहातील एका गणिकेचा मुलगा. विनयपिटकातील कथेप्रमाणे जन्मताच त्याला उकिरड्यावर टाकून देण्यात आले. राजपुत्र अभयाने उचलून वाढविले. पुढे तो तक्षशिलेस गेला, सात वर्षे वैद्यक शिकला, आणि बिंबिसार राजाचा व भगवान बुद्धाच्या संघाचा वैद्य झाला. उकिरड्यावरून उचललेल्या त्या पोराला कूळ न विचारता विद्या मिळाली. त्या कथेचे मोल आम्हाला एवढ्यासाठी वाटते की ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्या मुलांचा प्रश्न आज तोच आहे. तक्षशिला कोणत्या गावी आहे यापेक्षा तिच्या आत जीवक पोहोचतो की नाही, हे आपण पाहावयाचे आहे.

तर आत कोण पोहोचतो ते पाहू. भंडाऱ्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या १०० जागा आहेत. पैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ राज्याच्या. या ८५ जागांवर भंडारा जिल्ह्याच्या मुलामुलींचा विशेष हक्क काही नाही. पूर्वी विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून त्या त्या विभागाच्या मुलांसाठी ७० टक्के जागा ठेवण्याचे ७०:३० चे सूत्र होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ते रद्द केले. आता नीट परीक्षेतील गुणांवर साऱ्या महाराष्ट्रातून प्रवेश होतात. अनुसूचित जाती व अनुसूचित जातींतून बौद्ध झालेले यांच्यासाठी राज्यात १३ टक्के आरक्षण आहे. ८५ चे १३ टक्के म्हणजे सुमारे ११ जागा. या अकरा जागांसाठी नांदेडची मुलगीही अर्ज करणार, कोल्हापूरचा मुलगाही करणार, आणि करावाच. महाविद्यालय पवनीच्या वेशीत बांधले असते तरी पवनीच्या बौद्ध वस्तीतील मुलाला एक गुण अधिक मिळाला नसता.

हे आम्ही निराश करण्यासाठी सांगत नाही. दहा नव्या महाविद्यालयांच्या मिळून ९०० जागा होतात. त्याच हिशेबाने राज्याच्या वाट्यातून आपल्या व इतर अनुसूचित जातींच्या मुलांसाठी सुमारे ९९ जागा नव्या निर्माण झाल्या. गोसीखुर्दच्या मुलीने त्या ९९ पैकी कोणतीही घ्यावी, मग ती वाशीमची असो की जालन्याची. डोळा भंडाऱ्यावरच खिळवून बसू नये. आणि ती तयारी दहावीनंतर विज्ञान शाखेचे दार गाठण्यापासून सुरू होते. “आपल्याला कुठे जमणार,” असे म्हणून मुलीला विज्ञानाऐवजी कोठेतरी घालणारा बाप आम्हाला दर वर्षी भेटतो, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात भेटतो, याचे दुःख अधिक. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भारत सरकारने सुरू केली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे. शासकीय महाविद्यालयातील शिक्षण गरीब बौद्ध कुटुंबाच्या आवाक्यात येते ते तिच्यामुळे; खाजगी महाविद्यालयांच्या शुल्काचे आकडे ऐकूनच आपली माणसे परत फिरतात. म्हणून नवे महाविद्यालय शासनाचेच असावे आणि शासनाचेच राहावे, हा आग्रह आपण ‘कोठे’च्या वादापेक्षा कितीतरी जोराने धरला पाहिजे.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो नवदीक्षित कुटुंबे आम्हास वारंवार विचारतात, आणि दबक्या आवाजात विचारतात. दीक्षा घेतली तर मुलाची राखीव जागा जाईल काय?

जाणार नाही. पण हे उत्तर आज जितके सोपे आहे तितके ते नेहमी नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली त्यांनी केंद्र शासनाच्या सवलती सोडून दीक्षा घेतली, हे आपण विसरता कामा नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्मीयांखेरीज कोणी अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या. केंद्राच्या दारात मात्र बौद्धांस १९९० पर्यंत तिष्ठत राहावे लागले. त्या साली कायदा दुरुस्त झाला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना सर्व भारतात तो हक्क मिळाला. म्हणजे चौतीस वर्षे एका पिढीने धम्मही सोडला नाही आणि हक्काची मागणीही सोडली नाही. त्यांच्या मुलांपैकी किती डॉक्टर होऊ शकले असते आणि झाले नाहीत, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

कायदा असा आहे. कागदाची गोष्ट निराळी. शाळेत मुलाचे नाव घालताना कित्येक आईबाप अभिमानाने धर्म ‘बौद्ध’ आणि जातही ‘बौद्ध’ लिहून येतात. त्यांच्या भावनेस आमचा प्रणाम. ज्या जातीचा जाच नको म्हणून धम्म स्वीकारला तिचे नाव पुन्हा आपल्याच हाताने का लिहावे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि आमच्यात त्यावर एकमत आहे असेही नाही. तथापि अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र हे पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून मागितले जाते. तो पुरावा जातीच्या नावाविना पुरा होत नाही. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ अवश्य लिहा. पूर्वीच्या जातीची नोंद मात्र कोठेच राहिली नाही तर पुढे बारावीच्या वर्षी, परीक्षेच्या ऐन धांदलीत, बापाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शाळा सोडल्यावर ती नोंद दुरुस्त करणे फारच कठीण होऊन बसते.

वैद्यकीय प्रवेशास नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्रही लागते. आणि त्यासाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराचे घराणे १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून या राज्याच्या प्रदेशात राहत होते, हे दाखवावे लागते. आपल्या भागात हा पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत किंवा कोतवाल पंजीत सापडतो. जमीनवाल्यांच्या घरी जुने कागद असतात. आपल्या घरी जमीन नव्हती, म्हणून कागद नव्हते. आणि पणजोबा शाळेतच गेले नव्हते, म्हणून दाखलाही नाही. उरली ती कोतवालाने केलेली जन्ममृत्यूची एक ओळ. अन्यायाचा पुरावा मागणाऱ्या कायद्याला हे कळत नाही की तो पुरावा न ठेवणे हाही अन्यायाचाच भाग होता.

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातील कुटुंबांची अडचण तर याहून मोठी. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. १९८३ साली ३७२ कोटी रुपयांचे म्हणून जे काम ठरले ते किती पटींनी वाढले आणि किती वर्षे लांबले, हे या भागातील लहान पोरही सांगेल. अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्यासाठी गावे उठली. ज्याच्या नावावर शेत होते त्याला शेताचा मोबदला मिळाला, तो पुरेसा होता की नव्हता हा वेगळा विषय. जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, नदीकाठच्या उघड्या पात्रात चार महिने भाजीपाला पिकवीत होता, त्याचे काय गेले ते कोणत्याच कागदावर नव्हते, म्हणून त्याला त्याचे काही मिळाले नाही. आता गाव नव्या गावठाणात आले. जुन्या गावाची शाळा गेली, नोंदवह्या पेटीत भरून कोठे तरी नेल्या. ज्यांनी गाव सोडला त्यांनी भांडी आणली, देव नव्हतेच म्हणून आणले नाहीत, पण नोंदवही मागून तिची प्रमाणित नक्कल आणावी हे कोणाला सुचणार? ते आज सुचले पाहिजे. आठवीत शिकणारे मूल घरात असेल तर चार वर्षे हातात आहेत.

येथवर जागांविषयी झाले. पण महाविद्यालयातून डॉक्टर निघायला साडेपाच वर्षे लागतात. त्याचे रुग्णालय मात्र आजच उघडे आहे. आपल्यापैकी शंभरांतून एकाचे मूल डॉक्टर होईल, परंतु शंभरच्या शंभर केव्हा ना केव्हा खाटेवर पडतील. यास्तव दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे.

९ जानेवारी २०२१ ची पहाट भंडारेकर विसरू शकणार नाहीत. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षास आग लागली आणि दहा तान्ही बालके गेली. कक्षात सतरा होती, सात वाचली. ती मुले श्रीमंतांची नव्हती. श्रीमंतांची मुले त्या कक्षात नसतात, ती साठ किलोमीटरवरच्या नागपुरात असतात. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाचा कारभार आरंभी जिल्हा रुग्णालयाच्या आधारानेच चालावयाचा असतो. पाटी बदलली म्हणून खाट बदलत नाही. अध्यापकांची पदे भरली आहेत काय, रात्री दोन वाजता प्रसूतीच्या वेळी भूल देणारा डॉक्टर हजर असतो काय, आग विझविण्याची यंत्रे चालू आहेत काय, हे विचारणाऱ्यांत आपली माणसे पुढे असली पाहिजेत. इमारतीचा नकाशा पाहून टाळ्या वाजविणाऱ्यांत नसली तरी चालेल.

आणि एक आजार असा आहे की ज्याच्याविषयी आपण बोलतच नाही. सिकलसेल. १९५८ साली, म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्व विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, मागासवर्गीय समाजांत आहे आणि आपल्या बौद्ध समाजातही पुष्कळ आहे, हे तेव्हापासून वैद्यकास माहीत आहे. आपल्याला मात्र घरोघर माहीत असलेली गोष्ट एवढीच की अमक्याच्या पोराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, अंगात रक्त टिकत नाही. मग कोणी करणी म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मागच्या दाराने मांत्रिक शिरतो. ज्या दारातून देव्हारा बाहेर काढला त्याच दारातून अंगारा आत येऊ द्यावयाचा असेल तर दीक्षा कशाला घेतली?

सिकलसेल कोणाच्या पापाने होत नाही. तो आईबापांकडून रक्तातून येतो. एकाकडूनच आला तर मूल वाहक होते. त्याला बहुधा काही त्रास नसतो आणि म्हणूनच त्याचा पत्ता लागत नाही. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी असते की मूल आजारीच जन्मेल. साध्या रक्ततपासणीने हे लग्नापूर्वी कळते. पत्रिका जुळविणे आपण सोडले हे उत्तम झाले. तिच्या जागी हा एक कागद जुळवावा. वाहक असणे हा कमीपणा नाही, आणि वाहक मुलीचे लग्न मोडणारे लोक नवी अस्पृश्यता निर्माण करीत आहेत हे त्यांना स्पष्ट सांगावे. दोन्ही बाजू वाहक निघाल्या तर डॉक्टरांशी बोलून मग ठरवावे. झालेल्या रुग्णास हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध आहे, वेळेवर रक्त आहे. नियमित उपचार मिळाले तर तो शिकतो, नोकरी करतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. परंतु मोहीम दिल्लीची असली तरी औषध पवनीच्या मुलाला पवनीतच मिळाले पाहिजे, आणि दुखणे उठल्यावर भंडाऱ्याच्या रुग्णालयात त्याच्या वेदनेस ढोंग न म्हणणारा डॉक्टर भेटला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यात असण्याचा खरा उपयोग आम्हाला येथे दिसतो: रक्तपेढी, प्रयोगशाळा, आणि या आजाराचा अभ्यास करणारी तरुण माणसे.

याला जोडून एक मागणी आहे आणि ती फारशी खर्चाची नाही. आता वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन आपल्या शिक्षणकाळात त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावयाचे असते. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांना ही खेडी कोणती दिली जाणार? मुख्य रस्त्यावरची, बस थेट जाते ती? आमचे म्हणणे असे की गोसीखुर्दच्या पुनर्वसित गावठाणांचा त्यांत समावेश व्हावा, आणि गावात गेल्यावर विद्यार्थी सरपंचाच्या ओसरीवरून परत न फिरता बौद्ध वस्तीत व धिवरांच्या घरांतही जावेत. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेच्या या जलाशयात येते. त्या पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांच्या त्वचेचे, पोटाचे, मुलांचे काय होते, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना परदेशी जावे लागणार नाही. भगवान बुद्धाने अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्षूस आनंदाच्या मदतीने आपल्या हाताने धुतले, अशी विनयपिटकात कथा आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांनी ती वाचावी, आणि त्यांच्या वर्गातील इतर मुलांनाही ऐकवावी.

इतर मुले, हा शब्द लिहिताना आम्ही क्षणभर थबकलो. आत गेलेल्या आपल्या मुलाला तेथे काय ऐकावे लागते, हे घरी सांगितले जात नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत एका आदिवासी तरुण डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपली मुलगी वसतिगृहात गेली की तिला आठवड्यातून एकदा फोन करून केवळ “अभ्यास कसा चालला” एवढेच विचारू नका. “तेथे कोणी काही बोलते काय,” हेही विचारा. ती पहिल्यांदा “नाही” म्हणेल.

१९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते आणि या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. जुनी माणसे ती गोष्ट अजून खालच्या मानेने सांगतात. त्या जिल्ह्यात आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे आणि त्यात अनुसूचित जातींच्या अकरा खुर्च्या आहेत. येत्या पौर्णिमेस विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास काढावा. वस्तीत आठवी ते बारावीत कोण कोण आहे, कोणाच्या घरी पडताळणीचे कागद पुरे आहेत, कोणाच्या जुन्या गावची कोतवाल पंजी आता कोणत्या कचेरीत आहे, आणि लग्नाला आलेल्यांपैकी कोणाची सिकलसेलची तपासणी झालेली नाही, एवढी यादी एका वहीत उतरवावी. लिहिणारा हात दहावी-बारावीतल्या मुलीचा असावा.